लेकरू चांगलं हाय, मंग सुई काहून?

कापूस वेचणीच्या दिवसांत लसीकरणाला आया कमी आणि आज्या जास्त येतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे आई सकाळीच भाकरी थापून, ओटी बांधून वावरात गेलेली असते. नऊ-दहा महिन्यांचं लेकरू आजीच्या कडेवर बसून अंगणवाडीत येतं, आणि कार्ड पन्नीत गुंडाळून आजीच्या हातात असतं. यवतमाळ जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून मी सव्वीस वर्षं हे काम केलं. या सव्वीस वर्षांत आज्यांनी मला एक प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला. "बाई, लेकरू तं चांगलं खेळून राह्यलं. बिमार असतं तं म्या सोताहून आनलं असतं. चांगल्या लेकराले सुई काहून टोचता वो?"

प्रश्न रास्त आहे. आजीच्या हिशेबाने सुई म्हणजे उपचार. ताप आला, सुई घेतली, ताप उतरला. ती सुई औषधाची असते. औषध आपलं काम करतं आणि काही तासांत नाहीतर दिवसांत अंगातून निघून जातं. लसीत जंतू मारणारं औषध नसतं. लसीत असते ओळख. अमुक रोगाचा जंतू कसा असतो एवढं आपण शरीराला दाखवतो, पुढचं सगळं काम शरीर स्वतः करतं. त्या कामाला दिवस लागतात, म्हणून ते रोग दारात येण्याच्या आधी, लेकरू हसतं-खेळतं असतानाच करून घ्यावं लागतं. कार्डावर ज्या तारखा आम्ही लिहितो त्या शरीराच्या या कामाच्या तारखा असतात. एवढं नीट उमगलं की बाकीच्या बऱ्याच शंका सुटतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अशी एखादी आजी आली की मी आधी तिच्या लुगड्याचा पदर दंडावरून बाजूला करायला सांगायची. साठी-सत्तरीच्या आजीच्या दंडावर रुपयाएवढे गोल, दबलेले, सुरकुतल्या कातडीचे एक-दोन व्रण असतातच. "हे काय आजी?" "देवी काढल्या होत्या ना. शाळेत देवी काढनारा मानूस आला का आमी तुरीच्या वावरात पळून जावो. पन बापानं धरून आनलं." गोल फिरवायची टोचणी असायची, तिचा तो डाग. मग मी विचारायची, तुमच्या नातवंडांपैकी कोणाच्या तोंडावर देवीचे वण पाहिले का? कोणीच पाहिलेले नसतात. देवी आलेल्या दहातली तीन माणसं मरायची आणि जी उरायची त्यातली कित्येक आंधळी व्हायची. भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला, आणि १९८० च्या मे महिन्यात देवी जगातून गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं. म्हणून पंचेचाळिशीच्या आतल्या कोणाच्या दंडावर तो डाग नाही. तरुणांच्या डाव्या दंडावर दिसतो तो लहान डाग बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा.

लस हा शब्दही तिथलाच. जखम चिघळली की तिच्यातून पाणचट द्रव येतो, त्याला आपण लस म्हणतो. पहिली लस अक्षरशः तीच होती. इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर नावाच्या डॉक्टरने गवळणींचं बोलणं ऐकलं होतं, की गाईच्या सडांवरचे फोड ज्यांच्या हातावर येतात त्यांना देवी येत नाहीत. १४ मे १७९६ या दिवशी त्याने एका गवळणीच्या हातावरच्या फोडातली लस काढून आठ वर्षांच्या मुलाच्या दंडात टोचली. जुलैमध्ये त्याच मुलाला खऱ्या देवीची लस टोचून पाहिली. मुलाला काही झालं नाही. आज कोणी असा प्रयोग करू देणार नाही आणि देऊही नये, पण त्या एका मुलाच्या अंगात काय घडलं ते समजून घेतलं की लसीकरणाचं सगळं शास्त्र हाती लागतं.

ते समजवायला मी कायम बियाण्याचं उदाहरण घेते, कारण आमच्याकडे प्रत्येक घराला ते कळतं.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यातल्या एका जातीच्या पेशींचं काम म्हणजे ओळखणं. यातली प्रत्येक पेशी जन्मतःच एकाच कशाला तरी ओळखते. तिच्या अंगावरचा खाचा एकाच आकारात बसतो. अशा कोट्यवधी तऱ्हा शरीर आधीच करून ठेवतं, अजून न पाहिलेल्या जंतूंसाठीसुद्धा. म्हणजे शरीराजवळ जगातल्या झाडून सगळ्या पिकांचं बियाणं असतं, पण प्रत्येकाचे फक्त चार-दोन दाणे. गोवर ओळखणारे चार दाणे, घटसर्प ओळखणारे चार दाणे. एवढ्याने पीक होत नाही.

आता गोवराचा विषाणू अंगात शिरला. तो नाका-घशातून येतो. आजूबाजूच्या राखणदार पेशी त्याचे तुकडे उचलतात आणि जवळच्या गाठीत नेऊन दाखवतात. या गाठी मान, काख, जांघ अशा ठिकाणी असतात. पायात पऱ्हाटीचं धसकट घुसलं की दोन दिवसांनी जांघेत दुखरी गाठ येते, आपण त्याला अवधाण आलं म्हणतो. ती गाठ रोगाची नसते. तिथे काम सुरू झाल्याची ती खूण असते. गाठीत हा तुकडा लाखो पेशींपुढून फिरतो आणि ज्या मोजक्या पेशींच्या खाच्यात तो नेमका बसतो त्या जाग्या होतात. मग त्या वाढायला लागतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार, असं करत आठवड्याभरात हजारो. त्यातल्या पुष्कळशा प्रतिपिंडं, ज्यांना डॉक्टर अँटिबॉडी म्हणतात, ती बनवू लागतात. एकेक पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंडं रक्तात सोडते. ती विषाणूला जाऊन चिकटतात आणि त्याला पेशीत घुसू देत नाहीत. दुसऱ्या जातीच्या पेशी असतात त्या, विषाणू आधीच ज्यांच्यात घुसला आहे अशा पेशी शोधून मारतात.

अडचण वेळेची आहे. चार दाण्यांपासून पीक उभं राहायला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि विषाणू काही थांबून राहत नाही. तो पहिल्या दिवसापासून वाढतो. या दोन आठवड्यांत कोण पुढे जातं यावर लेकराचं जगणं ठरतं. धडधाकट, खात्यापित्या घरचं मूल बहुधा जिंकतं. कमी वजनाचं, हगवणीने खंगलेलं मूल हरू शकतं.

पीक आल्यावर शेतकरी काय करतो? सगळं विकून मोकळा होत नाही. ज्वारीची भरलेली, टपोरी कणसं निवडतो, दाणे राखेत घोळतो आणि मडक्यात घालून पुढच्या सालासाठी ठेवतो. शरीर हुबेहूब असंच करतं. आजार संपला की वाढलेल्या बहुतेक पेशी मरून जातात, पण काही राखून ठेवल्या जातात, आणि त्याही निवडून. गाठीमध्ये काही आठवडे निवड चालू असते. ज्या पेशी त्या जंतूला जास्त घट्ट पकडतात त्या ठेवायच्या, ढिल्या पकडणाऱ्या टाकायच्या. या राखून ठेवलेल्या पेशी म्हणजे शरीराची आठवण. शिवाय प्रतिपिंडं बनवणाऱ्या काही पेशी हाडांच्या मगजात जाऊन बसतात आणि तिथून वर्षानुवर्षं थोडी थोडी प्रतिपिंडं रक्तात सोडत राहतात. पुढच्या वेळी तोच जंतू आला तर पेरणीला चार दाणे नसतात, निवडक बियाण्याचं भरलेलं मडकं असतं. तीन ते पाच दिवसांत पीक उभं. कित्येकदा माणसाला कळतही नाही की आजार येऊन गेला.

ही आठवण किती टिकते? १८४६ साली युरोपच्या वर उत्तरेकडे, फेरो नावाच्या बेटांवर गोवर शिरला. त्याआधी तिथे गोवर आला होता तो १७८१ साली, म्हणजे पासष्ट वर्षांपूर्वी, आणि मधल्या काळात एकदाही नाही. बेटांवर सुमारे ७,८०० माणसं होती, त्यातली सुमारे ६,००० आजारी पडली. डेन्मार्कचा तरुण डॉक्टर पीटर पानुम तिथे घरोघर फिरला आणि त्याला दिसलं की १७८१ मध्ये ज्यांना लहानपणी गोवर येऊन गेला होता, त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. पासष्ट वर्षं शरीराने ती ओळख जपली होती. आपल्याकडे १९१८ ची मानमोडीची, म्हणजे फ्लूची, साथ जुन्या माणसांच्या बोलण्यात असायची. देशात एक कोटीहून जास्त लोक त्या तापाने गेले. त्या साथीतून लहानपणी वाचलेल्या ३२ म्हाताऱ्यांचं रक्त अमेरिकेतल्या संशोधकांनी नव्वद वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यातल्या अनेकांच्या रक्तात १९१८ चा विषाणू ओळखणाऱ्या पेशी सापडल्या. मला तर हे वाचून काही दिवस दुसरं सुचलं नव्हतं. नातवाचं नाव विसरणाऱ्या माणसाच्या रक्ताला ती साथ आठवत होती.

मग रोग होऊन गेल्यावरच आठवण तयार होऊ द्यावी, सुई कशाला, असंही लोक विचारतात. आठवण होते, खरं आहे. पण ती मिळवायला लेकराला आधी तो दोन आठवड्यांचा धोका पार करावा लागतो. पोलिओच्या विषाणूची लागण झालेल्या साधारण दोनशे मुलांमागे एकाचा पाय किंवा हात कायमचा जातो. लसीने हीच आठवण जवळपास धोक्याशिवाय मिळते, कारण लसीत खरा रोग नसतो, त्याची ओळख असते. गोवर-रुबेलाच्या लसीत विषाणू जिवंतच असतो, पण इतका दुबळा केलेला की रोग करू शकत नाही. डांग्या खोकल्याच्या लसीत मेलेले जंतू असतात. धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसीत तर जंतूही नसतो, त्याचं विष फॉर्मॅलिनने मारून ठेवलेलं असतं. कावीळ ब च्या लसीत विषाणूच्या अंगावरचा एक तुकडा असतो, बस.

आता कार्डाकडे वळते.

दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. पेंटाव्हॅलेंटच्या, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीच्या, तीन सुया अशा ओळीने येतात आणि प्रत्येक मधलं अंतर चार आठवड्यांचं. एका आजीने मला विचारलं होतं, तिन्ही एकाच दिवशी देऊन टाका ना, तीन खेपा कशाला. ती पाच किलोमीटर चालत यायची, तिचं म्हणणं मला कळत होतं. पण मेलेल्या जंतूच्या लसीने पहिल्या वेळेस पीक थोडंच येतं. त्यातून निवड व्हायला काही आठवडे जाऊ द्यावे लागतात. मग दुसरी सुई दिली की निवडलेलं बियाणं पेरलं जातं, पीक कितीतरी पट येतं आणि त्यातून आणखी चांगलं बियाणं निवडलं जातं. घाई केली तर निवड झालेलीच नसते. दीड वर्षाच्या आणि पाच वर्षांच्या बूस्टरचं कारणही हेच: मडक्यातलं बियाणं पुन्हा एकदा पेरून ताजं करायचं.

गोवराची सुई मात्र नऊ महिने पूर्ण झाल्यावर, आधी का नाही? याचं उत्तर आईत आहे. पोटात असताना आईच्या रक्तातली तयार प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळतात. ही शिदोरी आहे. आईने बांधून दिलेली भाकरी, बाळाने स्वतः पिकवलेली नव्हे, म्हणून काही महिन्यांत संपते. ती असते तोवर बाळाचं गोवरापासून बऱ्यापैकी रक्षण होतं, पण तेव्हाच लस दिली तर आईची प्रतिपिंडं लसीतल्या दुबळ्या विषाणूलाही गिळून टाकतात आणि बाळाच्या शरीराला काही शिकायला मिळत नाही. नऊ महिने हा मधला काळ हिशेबाने काढलेला आहे. शिदोरी बरीचशी संपलेली असते आणि गोवराने बाळाला अजून गाठलेलं नसतं. तरीही नऊ महिन्यांना दिलेली सुई शंभरातल्या सुमारे पंधरा मुलांना लागू पडत नाही. कोणाला नाही पडली हे बाहेरून दिसत नाही. म्हणून सोळा ते चोवीस महिन्यांत सगळ्यांना दुसरी. गरोदरपणात आईला टीडीची, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची, सुई देतो ती शिदोरी भरण्यासाठीच. आधी नाळ विळ्याने कापायचे, वर शेण-राख लावायचे, आणि आठवड्याच्या आत बाळ आखडून जायचं. त्या धनुर्वाताचं प्रमाण इतकं खाली आलं की २०१५ मध्ये भारत त्यातून मुक्त झाल्याचं मान्य झालं. त्यात दवाखान्यातल्या बाळंतपणाचा वाटा आहे आणि आईच्या दंडातल्या त्या सुईचाही.

गोवराविषयी मला थांबून बोलायचं आहे. आमच्याकडे अजूनही लोक त्याला माता आली म्हणतात. लेकराला अंधाऱ्या खोलीत ठेवतात, दाराला कडुनिंबाचा डहाळा लावतात, वेशीवरच्या मातामायला पाणी घालतात. मी कधी कोणाला पाणी घालू नका म्हटलं नाही. मी एवढंच म्हणायची, मातामायला पाणी घाला आणि लेकराला माझ्याकडे आणा.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत झरी-जामणीकडच्या एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या पाड्यावर, गोवर आला. पाऊलवाटेने जावं लागायचं, बऱ्याच मुलांच्या सुया राहून गेलेल्या. मी 'अ' जीवनसत्त्वाचे डोस घेऊन पोचले तोवर सात-आठ मुलांच्या अंगावर पुरळ उठलं होतं. एक अडीच वर्षांची पोर होती, डोळे लाल, चिकटलेले, आईच्या पदराने ती सारखी पुसायची. ती पोर गोवरातून उठली. आम्हाला बरं वाटलं. पुढच्या पावसाळ्यात तिला हगवण लागली, मग छाती भरली, आणि पोळ्याच्या आधी ती गेली. गोवर तर सहा महिन्यांपूर्वीच उतरला होता. मी रजिस्टरमध्ये न्युमोनिया लिहिलं आणि अशक्तपणाने झालं असेल असं धरून चालले.

त्याचं खरं कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं. गोवराचा विषाणू शरीराच्या आठवणीच्या पेशींमध्येच घुसतो. मडक्यातल्या बियाण्याला कीड लागावी आणि तिने दाणे आतून पोखरावेत तसं. गोवर बरा होतो, गोवराची आठवणही राहते, पण आधी जमा केलेल्या बाकीच्या जंतूंच्या पुष्कळशा आठवणी खाल्ल्या जातात. २०१९ मध्ये लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासून पाहिलं गेलं. त्यांच्या प्रतिपिंडांच्या साठ्यातला ११ ते ७३ टक्के भाग नाहीसा झालेला होता. हे बियाणं पुन्हा भरायला दोन-तीन वर्षं जातात, आणि तेवढी वर्षं ते मूल साध्या हगवणीपुढे, साध्या सर्दी-खोकल्यापुढे उघडं पडतं. लसीतला दुबळा विषाणू असं करत नाही. म्हणून गोवराच्या सुईने गोवर तर टळतोच, बाकीच्या रोगांची शिकवणही शाबूत राहते. त्या पोरीचा मृत्यू कोणत्या रोगाच्या खात्यात मांडायचा, हे आज मला विचारलं तर माझं उत्तर वेगळं असेल.

गोवर पसरतोही भयंकर. कोणालाच संरक्षण नसलेल्या वस्तीत एक आजारी मूल बारा ते अठरा जणांना देतं. गावातल्या शंभरातल्या पंच्याण्णवांना संरक्षण असेल तर तो पुढे सरकत नाही, कारण आजारी मुलाच्या आजूबाजूला त्याला घर सापडत नाही. उरलेल्या पाचांत नऊ महिन्यांच्या आतली तान्ही असतात, एखादं कर्करोगाच्या उपचारावर असलेलं मूल असतं, ज्याला ही लस देताच येत नाही. त्यांचं रक्षण शेजारच्या लेकरांच्या सुयांनी होतं.

धनुर्वाताला हे लागू नाही. तो माणसाकडून माणसाला होतच नाही. त्याचे जंतू मातीत आणि शेणात वर्षानुवर्षं पडून असतात, म्हणून सगळ्या गावाने सुया घेतल्या तरी ज्याने नाही घेतली त्याला विळा लागला, वखराची पास लागली की धोका तेवढाच. आणि एक गोष्ट फार लोकांना ठाऊक नाही. धनुर्वात होऊन माणूस वाचला तरी शरीरात त्याची आठवण तयार होत नाही. त्याचं विष इतकं जहाल असतं की शरीराला ओळख पटावी एवढं प्रमाण होण्याआधीच ते माणसाला मारू शकतं. म्हणजे हा रोग भोगूनही शिकता येत नाही, फक्त लसीने शिकता येतो. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची टीडीची सुई शाळेतल्या पोरांना म्हणून द्यायची असते. ती पोरं त्याच वयात वावरात उतरतात.

रोग होण्याआधी लस द्यावी लागते म्हटलं, त्याला एक अपवाद आहे, कुत्र्याच्या चाव्याचा. रेबीजचा विषाणू रक्तातून धावत नाही, नसांमधून हळूहळू मेंदूकडे चढतो. त्याला बहुधा काही आठवडे, कधी महिने लागतात. शरीराला शिकायला दोन आठवडे पुरतात. म्हणून चावल्यानंतर दिलेली लसही शर्यत जिंकते, पण ती लवकरात लवकर, शक्यतो त्याच दिवशी, सुरू झाली तर. कातडीत देतात तेव्हा पहिल्या दिवसाला शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. चाव्याने कातडी फाटून रक्त आलं असेल तर जखमेत सीरम भरतात. ते म्हणजे तयार प्रतिपिंडं, पुन्हा शिदोरीच, शरीराचं पीक येईपर्यंत पुरणारी. त्याआधी घरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. तिखट भरू नका, चुना लावू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की आमच्या हातात जवळपास काही उरत नाही.

लसी ठेवायच्या माझ्या निळ्या डब्याकडे पोरं कुतूहलाने पाहतात, त्याबद्दल दोन शब्द. ओळख नाजूक असते. जेन्नरच्या लसीला थंड ठेवायची सोय नव्हती, म्हणून ती एका दंडातून दुसऱ्या दंडात अशी माणसांवरून प्रवास करत बगदाद, बसऱ्यावरून मुंबईला आली, आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली गेली. भारतातली ती पहिली. तिच्या दंडावरच्या फोडातून पुढच्यांना. आज ते काम डब्यातल्या चार आईसपॅकवर आहे. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी, आणि आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५. पण भीती फक्त उन्हाची नसते. गोठली तरी पेंटाव्हॅलेंट वाया जाते. म्हणून फ्रीझरमधून काढलेला आईसपॅक लगेच डब्यात ठेवायचा नाही. बाहेर घाम सुटेपर्यंत ठेवायचा, कानाशी धरून हलवायचा, आत पाणी खळखळलेलं ऐकू आलं की मगच आत. बाटलीच्या लेबलवर एक गोल आणि त्यात पांढरट चौकोन असतो. लसीला ऊन लागत गेलं की चौकोन काळवंडत जातो. गोलाएवढा गडद झाला की ती बाटली वापरायची नाही. तुम्हीही बघायला मागा. मला कोणी मागितलं तर मी आनंदाने दाखवायची.

पेंटाव्हॅलेंटनंतर रात्री ताप येतो, मांडी सुजते, लेकरू किरकिरतं. गाठीत काम सुरू झाल्याची ती खूण. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यायचं, सुजेवर थंड पाण्याची घडी ठेवायची, चोळायचं नाही. ताप नाही आला म्हणजे लस लागली नाही, असंही नसतं. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन फुटतो, त्यावर हळद-तेल काहीच लावू नये, तो आपोआप सुकतो. सुईनंतर अर्धा तास बसायला सांगतो ते मात्र मनावर घ्या. क्वचित, अगदी क्वचित एखाद्याला लसीची जोरदार अॅलर्जी येते, आणि ती आली तर बहुधा याच अर्ध्या तासात येते. तेव्हा तुम्ही आमच्या डोळ्यांपुढे असायला हवं. बीसीजीविषयीही खरं तेच सांगते: ती लहान मुलांच्या मेंदूचा आणि अंगभर पसरणारा क्षय टाळते, मोठेपणी फुप्फुसाच्या क्षयापासून तिचा भरवसा कमी. सगळ्याच लसींची ताकद सारखी नसते.

शेवटचा मुद्दा, जो मला आज्यांइतकाच आयांना सांगावा लागला. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर, ऊसतोडीला चार-पाच महिने बाहेर जातात. परत आल्यावर आई कार्ड दाखवायला लाजते. दोन सुया झाल्या, तिसरी चुकली, आता बाई रागावेल, पहिल्यापासून सगळं करावं लागेल. काही जणी या भीतीने येतच नाहीत. पहिल्यापासून काही करावं लागत नाही. दोन सुयांनी जमवलेलं बियाणं मडक्यात आहे, चार महिन्यांत ते कुठे गेलेलं नाही. जिथे थांबलो तिथून पुढे जायचं. वेळेत झालेलं कधीही बरं, कारण मधल्या काळात लेकरू अर्धवट संरक्षणावर असतं. पण उशिरा आलेल्याला आम्ही परत पाठवत नाही. गोवर-रुबेलाची राहिलेली सुई पाच वर्षांपर्यंत देता येते. आणि बाहेरगावी असाल तिथल्या अंगणवाडीतही हेच कार्ड चालतं.

सुरुवातीचा तो प्रश्न विचारणारी एक आजी अशीच अर्धा तास बसली. नातू रडून झोपला होता. जाताना तिने पन्नी उघडून कार्ड माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "पुढची तारीख मोठ्या अक्षरात लिवा बाई, सून वावरातून आली का वाचन."